डुक्कर फियाटचा मूळ रंग

हिवाळा आला की मुंबईत जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. रविवारची सकाळ, मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबे, आणि उन्हात आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्या. बघणाऱ्यांच्या तोंडी एकच उद्गार असतो : "काय चकाकी आहे हो! अगदी कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखी!" या विषयातला एखादा दर्दी शेजारी उभा असेल, तर तो मिशीत हसतो. साठ वर्षांपूर्वी सामान्य माणसाची मोटार बनवणाऱ्या कारखान्यातून इतकी चकचकीत गाडी कधी बाहेर पडत नव्हती, हे त्याला ठाऊक असते. तो बोनेटकडे फारसा बघतही नाही. रुमाल पसरून गुडघा टेकतो, विजेरी लावतो आणि गाडीच्या पोटाखाली डोके घालतो. तिथे त्याला काय बघायचे असते? तर जिथे रंग नीट बसलेला नाही, ती जागा!

ऐकायला हे विक्षिप्त वाटेल. पण जुनी मोटार 'मुळाबरहुकूम' करायची म्हणजे तिला नवरीसारखे नटवायचे नव्हे. कारखान्याने तिला जो रंग दिला तोच द्यायचा, ज्या जातीचा दिला त्याच जातीचा द्यायचा, आणि त्यात कारखान्याने जी काटकसर केली, जी घाई केली, तीही जशीच्या तशी ठेवायची. यातले पहिले काम सोपे वाटते. गाडी निळी होती की हिरवी, एवढेच तर ठरवायचे! मलाही तसेच वाटत होते. महाड तालुक्यातल्या वीर गावी माझ्या एका स्नेह्यांच्या अंगणात जाईपर्यंत.

वीर हे नाव रेल्वेने जाणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. कोकण रेल्वे १९९३ साली रोह्याहून निघाली ती पहिल्याने वीरपर्यंतच आली होती; पुढचे डोंगर फोडून सगळा मार्ग खुला व्हायला १९९८ साल उजाडले. त्याआधी या गावाला जायचे तर मुंबई-गोवा रस्ता हाच काय तो आधार. त्याच रस्त्याने माझ्या स्नेह्यांचे वडील सुटीत गिरगावातून सहकुटुंब गावी येत, ते आपल्या फियाटमधून. ते निवृत्त होऊन गावी राहायला आले तेव्हा गाडीही आली, आणि ते गेल्यानंतर पडवीला लागून असलेल्या पत्र्याच्या छपराखाली ताडपत्री पांघरून तशीच उभी राहिली.

ही फियाट म्हणजे मराठी माणसाने जिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले ती. गोल पाठ, फुगीर गाल, पुढे काढलेले तोंड. नाव ठेवणाऱ्याने जवळून निरीक्षण केले होते यात शंका नाही. तिचे मूळचे नाव फियाट अकराशे. इटालियनांच्या भाषेत 'मिलेचेंतो'. १९५३ साली ती इटलीत अवतरली आणि लवकरच आपल्या कुर्ल्याला तयार होऊ लागली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, तेव्हा त्यांचे संधान अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी होते. कुर्ल्यातून प्रथम बाहेर पडल्या त्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा लांबरुंद अमेरिकन गाड्या. पण आपल्या मध्यमवर्गाच्या खिशाला आणि मुंबईच्या गल्ल्यांना मानवली ती ही इटालियन ठेंगणी. तिची पुढची दारे उलट्या अंगाने उघडत, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. पुढे 'डिलाइट' आली, दारे सरळ झाली. १९७३ साली 'प्रेसिडेंट' आणि त्यानंतर वर्षभरात 'पद्मिनी' असे नामकरण झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिच्यातली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू नाहीशी झाली की मगच तिची आठवण येते, तसे झाले. घरोघरच्या ताडपत्र्या उघडू लागल्या. वीरची ही ताडपत्रीही त्याच सुमारास उघडली.

गाडी आज दिसत होती ती उडालेल्या तपकिरी-तांबड्या रंगाची. हा मूळचा नव्हे, एवढ्यावर घरात एकमत होते. पुढे मात्र तंटा.

"निळी होती," स्नेही म्हणाले. "माझ्या मुंजीच्या फोटोत आहे ना!"

"अरे, तो फोटो काळा-पांढरा आहे!" त्यांच्या मातोश्री म्हणाल्या. काकूंचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. "गाडी घरी आली तेव्हा ओवाळली कोणी? मी. पारवा रंग होता, पण हिरव्याकडे झुकणारा. पावसाळ्यात दगडी पायरीवर शेवाळ धरतं ना, ते पारव्यात मिसळल्यासारखा. तेव्हा कुठे कुणाला विचारायचे की कोणता रंग हवा म्हणून! नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं आणि जी येईल ती घ्यायची."

तंटा मिटवायला आरटीओचे जुने नोंदणीपुस्तक काढले. त्यात वाहनाच्या रंगाचा रकाना असतो. कसरीने कुरतडलेल्या त्या पानावर एकच शब्द होता : 'ग्रे'. तिघांचे तीन रंग झाले.

येथे आमच्या मदतीला आले ते महाडचे एक वृद्ध पेंटर. सारे त्यांना चाचा म्हणतात. पन्नास वर्षे डेंटिंग-पेंटिंग करून या गृहस्थाची नजर अशी झाली आहे की लांबी कुठे भरली आहे ते टिचकी मारूनच सांगावे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, घराची खरी हकीकत दिवाणखान्यात कळत नाही. माळ्यावर चढावं लागतं."

मोटारीचा माळा म्हणजे काय? तर गाडी पुन्हा रंगवताना रंगाऱ्याचा हात जिथे पोचत नाही, किंवा तो पोचवण्याचे कष्ट घेत नाही, ती जागा. काच न काढता कागद चिकटवून रंग मारला असेल तर काचेच्या रबरी बीडिंगखाली मूळ रंग शाबूत असतो. मागच्या सीटच्या पुठ्ठ्यापलीकडे असतो. स्पीडोमीटरच्या चौकटीखाली असतो, आणि कारखान्याने नंबराची पट्टी ठोकलेली असते तिच्या पाठीशी असतो. या जागांना ऊन लागलेले नसते, त्यामुळे रंग उडालेला नसतो. मात्र एक गोम आहे. तेलाच्या बैठकीचे जुने रंग अंधारात वर्षानुवर्षे राहिले तर पिवळसर होतात. म्हणून जाणते लोक असा तुकडा उघडा पडल्यावर काही दिवस उजेड खाऊ देतात आणि मगच त्यावरून निष्कर्ष काढतात.

चाचांनी सीटमागचा पुठ्ठा काढला, आणि बाहेरच्या बाजूला मडगार्डावर रुपयाएवढ्या जागेत पाण्याचा पेपर घेऊन गोल गोल घासायला सुरुवात केली. हा प्रकार ज्याने पाहिला नसेल त्याने अवश्य पाहावा. कापलेल्या ओंडक्यावर जशी वर्षांची वलये दिसतात, तशी रंगाची वलये उमटू लागली. सर्वांत बाहेर तपकिरी-तांबडा. त्याच्या आत पांढरा. पांढऱ्याच्या आत निळा, म्हणजे मुंजीचा! घरात कार्य निघाले म्हणून त्या वर्षी गाडी रंगवून घेतली होती, हे काकूंना लगेच आठवले. आणि निळ्याच्याही आत, तांबूस प्रायमरला चिकटून, एक पातळ, शांत, राखी-हिरवा रंग.

तो कुणी कसा ओळखावा? पडवीतल्या ट्यूबलाइटखाली तो निळसर राखी दिसला. अंगणातल्या उन्हात नेलेला पुठ्ठ्याकडचा तुकडा चक्क हिरवा. दिवेलागणीला पुन्हा पाहिला तर नुसता राखी. आरटीओतल्या कारकुनाने कार्यालयाच्या उजेडात 'ग्रे' लिहिले यात त्याचा काहीच दोष नव्हता. "पारवाच आहे," काकू म्हणाल्या, आणि तो शब्द ऐकल्यावर मला दुसरा कुठलाही शब्द त्या रंगाला लावता येईना. साड्यांच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बायकांजवळ रंगांचे जे शब्दभांडार असते — मोरपंखी, अबोली, डाळिंबी, चिंतामणी — त्यापुढे मोटार कंपन्यांची पत्रके फिकी पडतात.

त्या पत्रकांवरून आठवले. क्रायस्लर कंपनीने १९७० च्या सुमारास अमेरिकेत तरुणांसाठी अचाट ताकदीच्या गाड्या काढल्या. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही जात सुरू झाली असे मानतात, आणि विम्याचे वाढते हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा यांनी तिचा अवतार संपवला. त्या गाड्यांचे रंगही पैलवानी : भडक जांभळा, भडक नारिंगी, डोळ्यांत खुपणारा पोपटी. मौज अशी की तोच जांभळा डॉजच्या गाडीवर 'प्लम क्रेझी' म्हणून विकला जाई आणि प्लिमथच्या गाडीवर 'इन-व्हायोलेट' म्हणून. डबा एक, नावे दोन! या गाड्यांच्या बोनेटखाली पत्र्याची एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर रंगाचा सांकेतिक क्रमांक ठोकलेला असतो, आणि आज त्या पट्टीवरून गाडीची किंमत कमीजास्त होते. जी गाडी जन्मतः जांभळी, ती जांभळीच हवी. मालकाला आवडतो म्हणून लाल रंग दिला, की जाणकार गिऱ्हाइकाने पाठ फिरवलीच.

पण तिकडचे दर्दी एवढ्यावर थांबत नाहीत. कारखान्यात गाडी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाताना कामगार वरून रंगाचा फवारा मारीत, आणि त्याची वाफ खालच्या प्रायमरवर कशीही उडे. तपासनीस आस आणि दांडे तपासून त्यांवर खडूची किंवा रंगाची खूण करी. सांध्यांत भरलेला मसाला ब्रशाने ओबडधोबड फासलेला असे. आजचे जीर्णोद्धार करणारे लोक जुने फोटो आणि न सुधारलेल्या गाड्या पाहून या साऱ्या खुणा पुन्हा काढतात — उडालेली वाफ, खडूचा फराटा, ओबडधोबड मसालासुद्धा. कॉर्व्हेट गाड्यांच्या चाहत्यांची १९७४ साली स्थापन झालेली एक संस्था तिकडे आहे. तिच्या परीक्षेत गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी लागते. त्याहून सुंदर केली तरी गुण कापतात! आपल्याकडे एखाद्या गवयाने गुरूची बंदिश गाताना गुरूचा खोकलाही गावा, तसाच हा प्रकार म्हणायचा. मला यातले थोडेसे अतीच वाटते. पण त्यामागचा विचार खोटा नाही. घरातल्या गाडीच्या पोटाखालची वाफ ही त्या दिवशी त्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या एका माणसाच्या हाताची खूण असते, आणि ती एकदा खरवडली की गेली.

आता रंगाच्या जातीकडे वळू. मोटारीच्या आरंभीच्या काळात तेलाचा रंग ब्रशाने देत आणि तो वाळायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधी आणि नंतर ती इतर रंगांतही मिळत होती हे मात्र विसरले जाते. १९२३-२४ च्या सुमारास द्यू पाँ कंपनीने 'ड्यूको' नावाचा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आणला आणि रंगीत मोटारींचा जमाना सुरू झाला. ते नाव आपल्याकडे इतके रुजले की आजही सुतार कपाटाला 'ड्यूको मारू का?' असे विचारतो. या जातीच्या रंगाला आपले पेंटर 'एनसी' म्हणतात. त्याची चकाकी मऊ, थोडी खोल, आणि ती फवाऱ्यातून येत नाही. कंपाउंड लावून हाताने घासून काढावी लागते. आजचा 'पीयू' रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर यांची चकाकी काचेची. जुन्या फियाटवर ती चढवली की नऊवारी नेसलेल्या आजीच्या पायांत उंच टाचांचे बूट दिसावेत तसे वाटते.

स्नेह्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याला पीयूच हवा होता, तोही चमचमणारा लाल. "टिकेल तरी," तो म्हणाला. त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. या मुलखात पाऊस म्हणजे गंमत नव्हे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सावित्रीवरचा जुना पूल महापुरात वाहून गेला, २०२१ च्या जुलैत अर्धे महाड पाण्याखाली होते. ही फियाट पुरात सापडली नाही, पण साठ पावसाळ्यांची दमट हवा तिने खाल्ली आहे. या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत माती साचते, माती पाणी धरून ठेवते, आणि पत्रा आतून कुजत असताना बाहेर लांबी आणि रंग झकास दिसत राहतो. चाचांनी पेचकस टेकवला आणि तो सरळ आत गेला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

म्हणजे खरा पेच रंग कोणता हा नव्हताच. पत्रा वाचवायचा तर रंगाची ती सारी वलये, मुंजीच्या निळ्यासकट, खरवडून काढावी लागणार होती. ती ठेवायची म्हटली तर दोन-चार पावसाळ्यांत ठेवायला गाडीच उरणार नव्हती. सरकारने १५ जुलै २०२१ रोजी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम काढले आणि त्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपट्टी देऊ केली. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. रंगाविषयी तो नियम माणसाला छळत नाही. ते छळण्याचे काम माणूस स्वतःच करतो.

दोन दिवस घरात यावर बोलणे झाले. मुलाला मी एवढेच विचारले की लाल गाडी पाहून आजीला ती कुणाची वाटेल? पण निर्णय त्याला पटवून दिला तो चाचांनी, आणि तोही न बोलता. त्यांनी दोन पत्रे रंगवून आणले, एक पीयूचा, एक एनसीचा, दोन्ही त्याच पारव्याचे, आणि ते गाडीच्या डॅशबोर्डाशेजारी टेकवून ठेवले. डॅशबोर्डाच्या पत्र्यावर कुणी दुसरा हात मारला नव्हता. तिथे मूळचाच रंग होता, वडिलांची बोटे सतत लागत त्या ठिकाणी प्रायमरपर्यंत झिजलेला. पीयूचा पत्रा तिथे परका दिसला. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "डॅशबोर्डाला हात लावायचा नाही."

मग ठरले ते असे. बाहेरचा पत्रा साफ करून, कुजलेला भाग कापून नवा जोडून, मूळ रंग एनसीतच द्यायचा. आत डॅशबोर्ड, दारांच्या वरच्या कडा आणि सीटमागची बाजू जशीच्या तशी. आणि मडगार्डावरचे ते रुपयाएवढे वलय कापून काढायचे आणि काचेच्या डबीत ठेवायचे. रंगाचा नमुना महाडच्या दुकानातल्या मापनयंत्राने वाचला, पण यंत्राने सांगितलेले मिश्रण चाचांनी उन्हात धरून दोनदा सुधारले. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात एकमेकांना ओळखत नाहीत, हे त्यांना यंत्राआधीपासून ठाऊक आहे. चाके गाडीहून फिकी होती की त्याच रंगाची, हा शेवटचा प्रश्न त्या काळ्या-पांढऱ्या मुंजीच्या फोटोनेच सोडवला. फोटोतला निळा हात बाहेरच्या पत्र्यावरचा. चाके त्या वेळी रंगवलीच नव्हती, ती स्वच्छ फिकी दिसतात. एवढा तंटा करून स्नेह्यांचा फोटो शेवटी कामाला आला.

जुना रंग घासताना चाचा कोरडा पेपर कधी वापरत नाहीत, पाण्यानेच घासतात. जुन्या रंगांत शिसे असते, त्याची धूळ पोटात जाऊ नये. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हे ध्यानात धरावे. आणि पीयू मारणारा पेंटर तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करीत असेल तर त्याला थांबवावे. त्या रंगातल्या हार्डनरने दम्याचा विकार जडतो. चांगला मुखवटा लागतो.

रंगकाम मात्र दिवाळी उलटल्याशिवाय सुरू होणार नाही. एनसी रंग भराभर उडून वाळतो, उडताना पत्रा थंड करतो, आणि हवेत दमटपणा असला की त्या थंड अंगावर बाष्प धरते. सुंदर पारव्यावर पांढुरके सावट येते. कोकणात जून ते ऑक्टोबर हा रंग मारणे म्हणजे पैसे सावित्रीत टाकणे. तेव्हा सध्या गाडी तांबड्या प्रायमरमध्ये, ताडपत्रीखाली, थंडीची वाट पाहत उभी आहे.

निघताना चाचा कामाचा हिशेब समजावून सांगत होते. बाहेरून इतके हात, दारांच्या कडांना इतके, डिकीच्या आत एकच, आणि तोही पातळ.

"डिकीत एकच का?" मुलाने विचारले.

"कंपनीनं एकच मारला होता. घासून बघितलाय मी."

काकू पडवीत वाती वळीत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांनी पैसे मात्र पुरे मोजले होते हो."